नाकातून गवत: घोड्याची दाढ काढल्यानंतरचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याच हातून घडलेलं आहे, त्यामुळे त्यातल्या चुकाही माझ्याच. मालकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दाढेबद्दल मात्र काही झाकलेलं नाही.

पार्श्वभूमी

घोडा कुमैत रंगाचा, खच्ची केलेला, पाचगणीच्या टेबल लँडवर पर्यटकांना फिरवणारा. पावसाळ्यात पठारावर धुकं आणि चिखल, गिऱ्हाईक नसतं. म्हणून मालक त्याला पसरणी घाटाखाली, वाईजवळच्या आपल्या गावी आणून बांधतो. मालक तिशीतला, घोडा त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. घरात आई आहे आणि घोड्याचं खाणंपिणं तिच्याकडे.

मी वाईत खाजगी प्रॅक्टिस करतो. काम मुख्यतः गाई-म्हशींचं. घोडे येतात ते पोटशूळ, खुरातला पू, जखमा असल्या कामांसाठी. या घोड्याआधी मी घोड्यांच्या अकरा दाढा काढल्या होत्या, त्यातल्या आठ म्हाताऱ्या घोड्यांच्या, आधीच हलणाऱ्या. हा आकडा आत्ताच सांगून ठेवतो, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मालकाने वय दहा सांगितलं. वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या पुढच्या दाताला बाहेरून एक उभी खाच असते. ती दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्याला निम्म्या दातापर्यंत येते, विसाव्याला पूर्ण उतरते. हा हिशोब ढोबळच, पण या घोड्याची खाच निम्म्याला जवळजवळ टेकली होती. म्हणजे वय चौदाच्या अलीकडे नाही. घोडा विकताना वय कमी सांगायची रीत जुनी आहे, त्यात मालकाचा दोष नाही. त्याच्या वडिलांना जे सांगितलं गेलं तेच तो सांगत होता.

वयाला इथे महत्त्व आहे. घोड्याची दाढ आयुष्यभर झिजते आणि वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहते. तरुण घोड्याची दाढ हाडात खोल रुतलेली, सात-आठ सेंटिमीटर लांब. पंधरा वर्षांच्या घोड्याची त्या मानाने आखूड. आखूड दाढ काढायला सोपी असं वाटतं. पण किडीने पोखरलेली जुनी दाढ ठिसूळ असते आणि चिमट्यात येताच तुटते.

अडचण

ऑगस्टच्या मध्यावर मालकाचा फोन आला. डाव्या नाकपुडीतून महिनाभर पू वाहतोय. गवत चावतो, पण अर्धं चावलेलं गवत गोळे करून खाली टाकतो. डावा लगाम ओढला की मान झटकतो. त्याआधी कुणीतरी सर्दी समजून दोनदा प्रतिजैविकांची इंजेक्शनं दिली होती. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस पू थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मी गेलो तेव्हा गोठ्याच्या दारातच वास आला. एकाच नाकपुडीतून येणारा, कुजका वास. ज्याने एकदा घेतला त्याला तो विसरता येत नाही. माझ्या मनात दाढ पक्की झाली. वरच्या जबड्यातल्या मागच्या दाढांची मुळं थेट सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या नाकाशी जोडलेल्या पोकळीच्या, तळाशी असतात, मधे हाडाचा पातळ पडदा. मूळ कुजलं की पू सायनसमध्ये साठतो आणि त्याच बाजूच्या नाकातून बाहेर येतो.

तरीही त्या दिवशी मी तोंडात हात घातला नाही. घोड्याच्या नाकातून पू म्हटल्यावर आमच्या भागात आधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा विचार करावाच लागतो. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रात ग्लँडर्सची साथ आली तेव्हा पुण्याबरोबर पाचगणीचे घोडेही त्यात सापडले होते. रोग माणसालाही होतो. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे, आणि घोडा बाधित निघाला तर त्याला दयामरण द्यावं लागतं. मालकाच्या आईने तो काळ पाहिला होता. मी हातमोजे आणि मास्क चढवला तेव्हाच तिचा चेहरा उतरला.

पहिला निर्णय इथे झाला: रक्त सरकारी दवाखान्यामार्फत तपासणीला पाठवायचं आणि अहवाल येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. घोडा वेगळा बांधला, पाण्याची बादली वेगळी केली, खरारा मालकानेच करायचा आणि नंतर हात साबणाने धुवायचे. अहवाल यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस दाढ कुजत राहिली. पण हा निर्णय मी आजही बदलणार नाही.

अहवाल निगेटिव्ह आला. लगेच दुसऱ्या दिवशी झायलाझिन आणि ब्यूटॉर्फेनॉल ही गुंगीची औषधं देऊन, तोंड उघडं ठेवणारा माउथ गॅग लावून, डोक्याला दिवा बांधून तोंड तपासलं. वरच्या डाव्या बाजूची चौथी दाढ, आमच्या क्रमांकात २०९, मधोमध उभी चिरली होती. गालाकडची फाळ बाहेर झुकलेली आणि दोन फाळींच्या मधे कुजलेला गवताचा चोथा ठासून भरलेला.

हीच दाढ का, असं मालकाने विचारलं. कायमच्या दाढांमध्ये ही सगळ्यात आधी, वयाच्या पहिल्या वर्षी येते, म्हणजे तोंडातली सगळ्यात जुनी दाढ. शिवाय वरच्या दाढांना चावायच्या बाजूने दोन पेल्यासारखे खळगे असतात. ते सिमेंटने, म्हणजे दाताच्याच हाडासारख्या थराने, भरलेले असायला हवेत, पण या दाढेत ते बरेचदा अर्धवट भरतात. त्यात अन्न अडकून कीड लागते, दोन्ही खळगे आतून एकमेकांना मिळतात आणि एक दिवस कडक दाणा चावताना दाढ फुटते, कुऱ्हाडीने लाकूड फुटावं तशी.

एक्स-रेचं पोर्टेबल मशीन साताऱ्याच्या एका मित्राकडून भाड्याने आणलं. तिरक्या कोनातल्या फोटोत मुळाभोवती धूसर काळं वलय आणि सायनसमध्ये पाण्याच्या पातळीसारखी आडवी रेघ दिसली. निदानाबद्दल शंका उरली नाही.

समोरचे पर्याय

सप्टेंबर अर्धा उलटला होता. दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस. पठारावर धंदा होतो तो दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी. मालकाचा प्रश्न सरळ होता: "दिवाळीला घोडा वर न्यायचाय. होईल का?"

प्रतिजैविकांचा आणखी एक लांब कोर्स देऊन दिवाळी काढायची, हे स्वस्त आणि मालकाच्या मनातलं. पण कुजलेलं मूळ जागेवर असेपर्यंत पू परत येणार, हे दोनदा सिद्ध झालं होतं. ते मी सरळ नाकारलं.

घोडा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचा, किंवा पुण्यात रेसच्या घोड्यांवर काम करणाऱ्यांकडे पाठवायचा. शिरवळ लांब नाही, सुरूरला महामार्गाला लागून खंबाटकी उतरलं की आलं. पण गाडीभाडं, तिथे मुक्काम, धंद्याआधीचे दिवस. मालकाचं मन होईना. आणि खरं सांगायचं तर मलाही ती दाढ स्वतः काढायची होती. तेव्हा मी हे स्वतःशीही कबूल केलं नाही.

सैल झालेली बाहेरची फाळ तेवढी काढायची आणि आतली राहू द्यायची, हाही एक मार्ग होता. सायनस निरोगी असतं तर त्याचा विचार झाला असता. इथे मुळाशीच पू होता.

शेवटी ठरलं ते असं: उभ्या घोड्यावर, गुंगी देऊन, तोंडातून पूर्ण दाढ काढायची. भूल देऊन आडवं पाडून, सायनसमधून हातोडा-पंचने दाढ खाली ठोकायची जुनी पद्धत मी टाळली. तिच्यात मागाहून हाड कुजण्याचा आणि भोक पडण्याचा धोका तोंडातून काढण्यापेक्षा बराच जास्त असतो. हा निर्णय बरोबर होता. चुकलं ते पुढे.

पहिला दिवस

छातीचा घेर १५५ सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी १४५. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११,८८० या सूत्राने वजन सुमारे २९३ किलो. धनुर्वाताची लस टोचली. घोडा या रोगाला फार नाजूक, तोंडातली जखम म्हणजे उघडं निमंत्रण. सकाळी आठला घोडा खोड्यात घेतला. झायलाझिन, ब्यूटॉर्फेनॉल, मग मॅक्सिलरी नर्व्हला, म्हणजे वरच्या जबड्याच्या नसेला, बधिरीचं इंजेक्शन.

झायलाझिनचा असर अर्धा-पाऊण तास टिकतो. जास्त वेळ टिकणारं डेटोमिडिन माझ्याकडे नव्हतं. त्यामुळे सकाळभर माझं एक लक्ष दाढेवर आणि एक घड्याळावर. घोडा मान वर उचलायला लागला की पुन्हा डोस, पुन्हा पाच मिनिटं थांबणं. अशाने घाई अंगात शिरते.

बाहेरची फाळ दहा मिनिटांत आली, गालाकडची दोन मुळं घेऊन. आतल्या फाळीने मात्र तास दीड तास घेतला. चिमटा लावून तिला हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं. जोर लावायचा नाही, नुसतं हलवत राहायचं, म्हणजे दाढेला धरून ठेवणारे तंतू एकेक करून तुटतात. सुटायला लागली की ओल्या चिखलातून पाय उपसताना येतो तसा चुबुक-चुबुक आवाज येतो आणि हिरडीशी फेसाळ रक्त दिसतं. तो आवाज ऐकला की हायसं वाटतं. मलाही वाटलं. मग मी दाढेखाली आधाराचा ठोकळा ठेवून खाली दाब दिला, आणि कट्‌ असा आवाज झाला. फाळ हिरडीच्या वर मोडली.

उरलेला भाग काढायला आणखी सव्वा तास लागला. तो दोन तुकड्यांत आला. वरच्या दाढेला तीन मुळं असतात: गालाकडे दोन बारीक, टाळूकडे एक जाड. मी ओल्या कापडावर तुकडे मांडून पाहिले. दोन पूर्ण होती. टाळूकडच्या जाड मुळाचं टोक सपाट होतं, जणू कापलं आहे. रंग तपकिरी.

दुसरा निर्णय या क्षणी झाला, आणि तो चुकला. दुपारचे दोन वाजले होते. माझा मदतनीस थकला होता, घोडा थकला होता, एक्स-रेचं मशीन साताऱ्याला परत न्यायला ड्रायव्हर बाहेर बसला होता. मी बोट घालून खळगा चाचपला, गुळगुळीत लागला. तपकिरी टोक बघून ठरवलं की ते आधीच कुजून विरघळलं असावं. ताजं तुटलेलं मूळ पांढरं दिसतं, हे मला माहीत होतं. पण कुजक्या दाढेत तुटलेलं टोकही पू लागून तपकिरी होतं, हेही माहीत होतं. त्या वेळी सोयीचं तेवढंच आठवलं. फोटो काढला नाही.

सायनसही धुतलं नाही. दाढ निघाली की पू आपोआप उतरेल, असा माझा हिशोब. थोड्या दिवसांच्या सायनसला तो लागू पडतो. इथे दोन महिने होत आले होते.

खळगा बुजवायला वाईतल्या एका दंतवैद्य मित्राने मापं घ्यायची निळी डेंटल पुट्टी दिली होती. ती मी खळग्यात पार आतपर्यंत दाबून भरली, खोल गेली तर घट्ट बसेल म्हणून.

प्रोकेन पेनिसिलिन, तोंडावाटे मेट्रोनिडाझोल, वेदनेसाठी फ्लुनिक्सिन. चंदी भिजवून, लसूणघास बारीक कापून, कडबा बंद. मालकाला सांगितलं, तीन आठवड्यांनी बघू.

पुन्हा बिघडलं

पहिले दहा दिवस सगळं छान. पू कमी झाला, वास गेला, घोडा गोळे टाकायचा थांबला. मालक पठारावरच्या लोकांना माझं नाव सांगत सुटला.

चोविसाव्या दिवशी सकाळी सात वाजता फोनवर व्हिडिओ आला. डाव्या नाकपुडीतून हिरवट पाणी आणि त्यात गवताचे बारीक तुकडे. खाली मालकाचा आवाज: "डॉक्टर, नाकातनं गवत यायला लागलंय."

तोंडातून सायनसमध्ये भोक पडलं होतं. वरच्या मागच्या दाढा काढल्यावरच्या गुंतागुंतींमध्ये सगळ्यात चिवट हीच. घोडा चावलेला प्रत्येक घास थोडा थोडा सायनसमध्ये ढकलतो, तिथे तो सडतो आणि भोक भरून यायला जागाच मिळत नाही.

मी गेलो. पुट्टी जागेवर नव्हती. कधी पडली विचारलं तर मालकाची आई म्हणाली, "निळा गोळा का? तो दहा-बारा दिवसांमागं गव्हाणीत सापडला. मला वाटलं जखम भरली की पडायचाच असेल. टाकून दिला." मी कधी सांगितलंच नव्हतं की तो गोळा पडला तर मला फोन करायचा. तिच्याकडून काहीच चुकलं नव्हतं.

या वेळी एक्स-रे आधी. टाळूकडच्या बाजूला साधारण बारा मिलिमीटरचं पांढरं टोक स्वच्छ दिसत होतं. शेजारी हाडाची एक चपटी कपची, मेलेली, बाकी हाडापासून सुटलेली. सायनस काठोकाठ भरलेलं.

दुसऱ्यांदा ठरवताना

दिवाळीला बारा दिवस होते. आता मालकाने पर्याय मांडला: भोक पुन्हा बुजवा, धुऊन द्या, दिवाळी झाली की नीट करू. मला तो मोह झाला. एकदा माझ्यामुळे त्याचा हंगाम अडचणीत आला होता. पुन्हा "थांबा" म्हणायला तोंड होत नव्हतं.

पण आतल्या टोकावर पुट्टी बसवणं म्हणजे काटा रुतलेला असताना वर पट्टी बांधणं. मी त्याला एक्स-रे दाखवला, स्क्रीनवर बोट ठेवून. म्हणालो, हे टोक मी आत ठेवलंय, आणि त्या दिवशी फोटो काढला असता तर तेव्हाच कळलं असतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याची आई म्हणाली, "मी त्याला दोन महिने भिजवून घालीन. पण पाठीवर गिऱ्हाईक बसवू नका." तिथे दिवाळीचा विषय संपला. दुसऱ्या वेळचे पैसे मी घेतले नाहीत.

शिरवळला नेण्याचं मी स्वतःच पुन्हा काढलं. मालक म्हणाला, तुम्हीच करा, पण कुणाला तरी विचारून करा. वाक्य टोचलं, पण रास्त होतं. पुण्यात रेसच्या घोड्यांवर काम करणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला फोटो पाठवले. त्यांनी फोनवर तासभर दिला. त्यांचा पहिला प्रश्न: "काढल्यानंतरचा फोटो कुठाय?"

दुसरा दिवस

एक मोठा बदल औषधात झाला. पुण्याहून डेटोमिडिन आलं आणि सलाईनमधून थेंब-थेंब चालू ठेवलं. चार तास घोडा एकसारखा शांत. मला एकदाही घड्याळ बघावं लागलं नाही.

आधी सायनस. गालावर ठळक दिसणाऱ्या हाडाच्या कण्याच्या वरच्या अंगाला, एक ड्रॉइंग पिन चिकटपट्टीने लावून फोटो काढला, जागा पक्की केली. बधिर करून ट्रेफाइनने, म्हणजे हाडात गोल भोक पाडायच्या हत्याराने, हाडाला बोट जाईल एवढं भोक पाडलं. पू वाहून येईल अशी माझी अपेक्षा होती. काही आलं नाही. मग कोमट सलाईनचा झोत सोडला आणि पाच-सात सेकंदांनी नाकातून विरजण फाटल्यासारख्या गुठळ्या बाहेर पडायला लागल्या. त्यामागे हिरवा चोथा, आणि शेवटी निळ्या पुट्टीचा सुपारीएवढा तुकडा. खोल दाबलेल्या पुट्टीचा वरचा भाग सायनसमध्ये गेला होता आणि उरलेला तोंडातून गव्हाणीत. मालकाची आई जवळच उभी होती. ती म्हणाली, "हा बघा दुसरा गोळा."

मग तोंडातून मुळाचं टोक. गॅरेजवाले इंजिनात बघायला वापरतात तो फोनला जोडायचा पाइप-कॅमेरा मदतनिसाने धरला. टोक पडद्यावर स्पष्ट दिसत होतं, टाळूकडच्या कोपऱ्यात, गुळगुळीत मांसल थराखाली दडलेलं. पहिल्या दिवशी बोटाला का लागलं नाही ते तेव्हा समजलं. चाळीस मिनिटं वाकड्या हुकाने त्याला सैल केलं. एकदा हूक निसटून टाळूच्या बाजूला लागला आणि रक्त भळभळलं. त्या बाजूने मोठी धमनी जाते. दोरी बांधलेला गॉजचा बोळा पंधरा मिनिटं दाबून धरला, तेव्हा थांबलं. दोरी एवढ्यासाठी की बोळा घोड्याच्या घशात जाऊ नये. टोक आलं. मेलेली हाडाची कपची आली. मग फोटो काढला. खळगा रिकामा. पुन्हा एक फोटो, दुसऱ्या कोनातून. तोही रिकामा.

या वेळी पुट्टी खळग्याच्या फक्त तोंडाकडच्या तिसऱ्या भागात, शेजारच्या दोन दाढांच्या मधे अडकवून बसवली. वरच्या दोन भागांत नवं मांस भरायला जागा सोडली.

मालकाला आणि त्याच्या आईला एका कागदावर लिहून दिलं. सायनसमध्ये बसवलेल्या नळीतून दिवसातून दोनदा धुणं: उकळून कोमट केलेलं पाणी, लिटरला नऊ ग्रॅम मीठ, एका वेळी तीन लिटर, घोड्याची मान खाली. पुट्टी पडली तर त्याच दिवशी फोन. नाकातून हिरवं दिसलं तर व्हिडिओ. मिठासाठी तिने सोनाराकडून तोलून आणलेला चमचा ठरवला, माझ्या वजनकाट्यावर तिचा भरवसा नव्हता.

परिणाम

धुतलेलं पाणी पाचव्या दिवशी स्वच्छ यायला लागलं, नवव्या दिवशी नळी काढली. हाडातलं भोक बाहेरून तीन आठवड्यांत मिटलं. पुट्टी दोनदा बदलली. दर वेळी खळगा आधीपेक्षा उथळ, तळाशी गुलाबी, दाणेदार मांस. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुट्टीची गरज संपली.

नाताळही गेला. घोडा जानेवारीच्या अखेरीस पठारावर परतला, सुरुवातीला फक्त सकाळच्या फेऱ्यांना. दिवाळी आणि नाताळ मिळून मालकाचा वर्षातला मोठा हिस्सा बुडाला. त्याने चुलत्याचा घोडा भाड्याने घेऊन थोडंफार भरून काढलं.

मार्चमध्ये फोटो काढला, सायनस स्वच्छ. गालावर ट्रेफाइनच्या जागी छोटा खळगा दिसतो, लहान मुलं त्याला बोट लावतात. डावा लगाम ओढला की मान झटकायची सवय दाढ गेल्यावरही राहिली. मालकाने कडियाळ बदलून मऊ, रबर गुंडाळलेलं घातलं, तेव्हा कमी झाली.

वेगळं काय करता आलं असतं

काढल्यानंतरचा फोटो. बाकी सगळं याच्याखाली. मशीन दारात होतं, ड्रायव्हरला आणखी वीस मिनिटं बसवणं एवढाच खर्च होता. मुळाची संख्या तीन भरत नाही म्हटल्यावर अनुमान काढायची गरजच नव्हती.

सायनस पहिल्याच दिवशी उघडून धुवायला हवं होतं. इतक्या दिवसांच्या पुवाच्या घट्ट गुठळ्या आपोआप उतरत नाहीत. धुतलं असतं तर मुळाचं टोक राहूनही कदाचित एवढं बिघडलं नसतं, आणि सायनसमध्ये गेलेली पुट्टीही लगेच दिसली असती. हे मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण मनात ते राहतं.

पुट्टीची चूक अज्ञानाची होती. तिच्याबद्दल वाईट कमी वाटतं. फोटो न काढण्याची चूक माहीत असून केलेली होती.

आधी पाठवायचं का, हा प्रश्न सोपा नाही. शिरवळला पाठवला असता तर टोक राहिलं नसतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. मूळ कुणाच्याही हातून तुटू शकतं. पण तिथे फोटो काढण्याचं मशीन ड्रायव्हरची वाट बघत नसतं. आणि अकरा दाढांचा अनुभव, त्यातल्या आठ हलणाऱ्या, हे मालकाला सांगितलं असतं तर निर्णय त्याचा झाला असता. मी सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही.

दिवाळीबद्दलही एक. "दिवाळीला घोडा वर नेता येईल का" या प्रश्नाला मी सप्टेंबरमध्ये "बघू" म्हणालो होतो. तो "बघू" त्याने "हो" असा ऐकला, आणि मला ते माहीत होतं. "नाही, नाताळ धरा" असं तेव्हाच म्हणायला हवं होतं.

अजून उरलेलं

खालच्या जबड्यातल्या समोरच्या दाढेला आता वरून घासायला जोडीदार नाही. ती वाढत राहील आणि रिकाम्या जागेत घुसेल, म्हणून दर सहा महिन्यांनी घासून समतल करावी लागते. पहिली खेप जूनमध्ये, घोडा खाली आला की.

मार्चमधल्या तपासणीत दुसरी एक गोष्ट दिसली. उजव्या बाजूची तीच चौथी दाढ, १०९. तिच्या एका खळग्यात काळा ठिपका, हुकाचं टोक दोन-तीन मिलिमीटर आत जातं. चिरलेली नाही, हलत नाही, वास नाही. ही कीड बरेचदा दोन्ही बाजूंना येते.

मालकाने दिव्याच्या उजेडात वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही पण काढायची का?"

"आत्ता नाही. जूनला फोटो काढू, मग बोलू."

"आधी आणि नंतर, दोन्ही," त्याची आई मागून म्हणाली.